घरच्या छोट्या सोलरचा चार्ज कंट्रोलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं गावचं घर संगमेश्वर तालुक्यात आहे. आई तिथे राहते, मी पुण्यात. छपरावर १६५ वॅटची दोन पॅनेलं, पडवीच्या कोपऱ्यात १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी, शेजारी इन्व्हर्टर आणि भिंतीवर २० अँपिअरचा चार्ज कंट्रोलर, एवढाच पसारा. वाडीतल्या चार-पाच घरांचं सोलरही आता माझ्याच गळ्यात आहे, त्यामुळे फोनवर तेच ते प्रश्न येतात. ते एकदाच लिहून काढतो. आकडे १२ व्होल्टच्या सिस्टिमचे आहेत. २४ ची असेल तर बॅटरीचे व्होल्ट दुप्पट धरा.

पॅनेल थेट बॅटरीला जोडलं तर काय बिघडतं? मध्ये कंट्रोलर कशाला?

जोडलं तर बॅटरी चार्ज होते, आणि घोळ तिथेच आहे: भरल्यावरही होत राहते. ‘१२ व्होल्टचं’ म्हणून मिळणारं ३६ सेलचं पॅनेल काम करताना १८ व्होल्टच्या आसपास असतं आणि मोकळं असताना २२ च्या. लेड-ॲसिड बॅटरीला १४.४ च्या वर फार वेळ रेटलं की आतल्या पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन ते उडून जातं. मे महिन्यात झाकणं उघडून पाहिलं तर आतल्या प्लेटा कोरड्या.

कंट्रोलरचं काम हंडा भरण्यासारखं आहे. हंडा रिकामा असताना नळ पूर्ण सोडायचा, गळ्यापर्यंत पाणी आलं की बारीक करायचा आणि भरल्यावर थेंब थेंब ठेवायचा. या तीन टप्प्यांना अनुक्रमे बल्क, ॲब्सॉर्प्शन आणि फ्लोट म्हणतात. हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील. शिवाय रात्री बॅटरीतला करंट उलटा पॅनेलकडे जाऊ न देणं हेही त्याच्याकडेच.

आम्ही सूर्यघर योजनेतून छपरावर सोलर बसवलंय. आम्हाला कंट्रोलर लागेल का?

नाही. ‘पीएम सूर्यघर’ मधलं अनुदान ग्रिडला जोडलेल्या सोलरसाठी आहे. साध्या ऑन-ग्रिड जोडणीत बॅटरीच नसते, म्हणून चार्ज कंट्रोलरही नसतो. लाइट गेली की ते सोलरही बंद पडतं, हे अनेकांना बसवल्यावर कळतं. शेतातल्या सौर कृषिपंपाचा कंट्रोलर हा आणखी वेगळा प्राणी. तो मोटर चालवतो, त्याला घरची बॅटरी जोडायला जाऊ नका.

पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर घेऊ की एमपीपीटी?

पॅनेल कोणतं आहे ते आधी सांगा.

पीडब्ल्यूएम म्हणजे वेगाने चालू-बंद होणारा स्विच. तो पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. माझं १६५ वॅटचं पॅनेल १८ व्होल्टला ९ अँपिअर देतं. पीडब्ल्यूएमवर तेच ९ अँपिअर १३ व्होल्टला मिळतात, म्हणजे ११७ वॅट. उरलेले कुठे साठत नाहीत, ते मिळतच नाहीत. एमपीपीटी पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देतो आणि जास्तीच्या व्होल्टचं अँपिअरमध्ये रूपांतर करतो.

ऐकायला हा फरक मोठा वाटतो, पण मे महिन्यात पॅनेल तापून ६०-६५ अंशांवर गेलं की त्याचे १८ व्होल्ट १६ च्याही खाली येतात आणि एमपीपीटीची मिळकत बरीच घटते. म्हणून ३६ सेलचं एखादंच पॅनेल आणि दोन बल्ब, एक पंखा एवढाच कारभार असेल, तर चांगल्या पीडब्ल्यूएमवर मी समाधानी राहीन. उरलेले पैसे जाड वायरीत घालीन.

मात्र हल्ली दुकानदार साडेपाचशे वॅटचं मोठं पॅनेल पुढे करतात, कारण वॅटमागे ते स्वस्त पडतं. ते ४१ व्होल्टला १३ अँपिअर देणारं असतं. ते १२ व्होल्टच्या बॅटरीला पीडब्ल्यूएममधून जोडलं तर हातात येतात १३ गुणिले १३, म्हणजे १७० च्या आसपास वॅट. आमच्या वाडीत एकाने हेच केलं आणि वर्षभर पॅनेलवाल्याला शिव्या दिल्या. पॅनेल बिचारं ठणठणीत होतं.

ऑनलाइन स्वस्तात ‘एमपीपीटी’ मिळतोय. खरा कसा ओळखायचा?

वजनावरून अंदाज येतो. खऱ्या एमपीपीटीत तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि ॲल्युमिनियमचा बऱ्यापैकी हीटसिंक असतो, त्यामुळे २० अँपिअरचा डबा पेन्सिलच्या कंपासपेटीइतका हलका असू शकत नाही. हातात खेळण्यासारखा वाटला तर छापलेल्या अक्षरांवर जाऊ नका.

पक्की परीक्षा करंटची. बॅटरी थोडी उतरलेली असताना, टळटळीत उन्हात, पॅनेलकडून येणारे आणि बॅटरीकडे जाणारे अँपिअर मोजा. दोन्ही सारखे असतील तर तो पीडब्ल्यूएम. बॅटरीकडे जास्त जात असतील तर खरा. यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर हवा, कारण स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात.

किती अँपिअरचा घ्यायचा? आणि त्यावर लिहिलेले ७५, १०० हे आकडे कसले?

अँपिअरचा हिशोब सोपा आहे. पीडब्ल्यूएमला पॅनेलच्या मागच्या लेबलवरचा शॉर्ट सर्किट करंट घ्या, समांतर जोडलेल्या पॅनेलांचा एकत्र करा आणि सव्वापट करा. एमपीपीटीला पॅनेलचे एकूण वॅट भागिले १३. माझ्या ३३० वॅटला २५ येतात, तरी मी २० चा लावलाय. एमपीपीटी स्वतःच २० वर थांबतो आणि कोकणातल्या दमट उन्हात ३३० चे पूर्ण ३३० मिळण्याचे दिवस मोजकेच.

दुसरा आकडा जास्त गंभीर आहे. ‘७५/१५’ म्हणजे पॅनेलकडून जास्तीत जास्त ७५ व्होल्ट आणि बॅटरीकडे १५ अँपिअर. अँपिअर जास्त झाले तर कंट्रोलर अडवतो, व्होल्ट जास्त झाले तर जळतो. आणि थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं, अंशामागे साधारण ०.३ टक्के. लेबलवरचा आकडा २५ अंशांचा असतो. समजा ४९.५ व्होल्टची दोन मोठी पॅनेलं सिरीजमध्ये जोडली. कागदावर झाले ९९, आणि कंट्रोलर १०० चा. रत्नागिरीत कदाचित दोन-चार हिवाळे निभतील. निफाडला पारा ५ अंशांवर उतरतो, तिथे तेच ९९ चे १०५ होतात, आणि तेही सकाळी पहिल्या उन्हाला, घरातली मंडळी चहा घेत असताना. वॉरंटीत हे बसत नाही.

जोडायचा क्रम महत्त्वाचा आहे का? दुकानदार म्हणाला, कसंही जोडा.

महत्त्वाचा आहे. आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी लोड, म्हणजे बल्ब-पंखे. काढताना बरोबर उलट. बॅटरी जोडल्यावर कंट्रोलर ‘ही १२ ची की २४ ची’ हे ओळखतो. बॅटरी नसताना पॅनेल लावलं तर तो चुकीचं ओळखू शकतो किंवा पॅनेलचे २० व्होल्ट सरळ लोडकडे सोडू शकतो.

हे मी पैसे मोजून शिकलो. पहिल्या वर्षी भर दुपारी, पॅनेल तसंच चालू ठेवून, बॅटरीच्या लगा (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या) साफ करायला म्हणून मी पॉझिटिव्ह सोडवली. गोठ्यातले दोन्ही १२ व्होल्टचे एलईडी एकदा लखकन पेटले आणि गेले. आईने फक्त “झालं साफ?” एवढंच विचारलं. आता पॅनेलच्या वायरीत एमसीबी आहे आणि कशालाही हात लावण्याआधी तो खाली करतो. एमसीबी डीसीचाच घ्या. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्यातली ठिणगी विझते. डीसीत ती विझायचं नाव घेत नाही.

वायर किती जाड हवी?

दुकानात अडीचची, चारची, सहाची, दहाची अशी मिळते. आकडा चौरस मिलिमीटरचा. लोक छपरावरून येणाऱ्या वायरीची काळजी करतात आणि कंट्रोलर ते बॅटरी या शेवटच्या हातभर तुकड्यात घरात पडलेली दीडची वायर लावतात. नेमकं उलटं व्हायला हवं.

का ते पाहा. बॅटरी कंट्रोलरपासून ३ मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन ६ मीटर तार. दीडच्या वायरीत २० अँपिअर गेले की जवळजवळ १.४ व्होल्ट वायरीतच पडतात. कंट्रोलरला स्वतःच्या टर्मिनलवर १४.४ दिसतात, तो समजतो बॅटरी गळ्यापर्यंत आली आणि नळ बारीक करतो. बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावलात तर १३.०. ती रोज अर्धपोटी राहते आणि दोष जातो पॅनेलला. दहाची वायर लावली तर हाच फरक ०.२ वर येतो आणि अंतर एक मीटर केलं तर ०.१ च्याही खाली.

तपासणी दोन मिनिटांची आहे. दुपारी चार्जिंग जोरात असताना कंट्रोलरच्या स्क्रीनवरचे व्होल्ट आणि मल्टिमीटरने थेट बॅटरीवर घेतलेले व्होल्ट ताडून पाहा. फरक ०.२ पेक्षा जास्त असेल तर वायर बारीक आहे, नाहीतर लग सैल किंवा हिरवी पडलेली आहे. बॅटरीजवळ पॉझिटिव्हवर फ्यूज हवाच.

कंट्रोलरच्या बल्बचं चित्र असलेल्या टर्मिनलला इन्व्हर्टर जोडला तर चालेल?

नको. ते टर्मिनल १०-२० अँपिअरचं. ५०० वॅट ओढणारा इन्व्हर्टर ४० च्या वर अँपिअर मागतो. इन्व्हर्टर थेट बॅटरीला, स्वतंत्र फ्यूजमधून. लोड टर्मिनल डीसी बल्ब, डीसी पंखा अशा किरकोळ गोष्टींसाठी.

घरात इन्व्हर्टर-बॅटरी आधीपासून आहे. सोलर लावलं, पण बिल काही उतरलं नाही. असं का?

कारण तुमची बॅटरी रात्रीच महावितरणच्या विजेवर भरते. सकाळी ऊन येतं तेव्हा कंट्रोलरला भरलेला हंडा मिळतो, तो पाच मिनिटांत फ्लोटवर जातो आणि दिवसभर पॅनेलं नुसती तापतात. कंट्रोलरचा यात काहीच दोष नाही.

उपाय दोन. एसएमयू, म्हणजे सोलर मॅनेजमेंट युनिट मिळतं. ऊन असेपर्यंत ते मेनचं चार्जिंग अडवतं. काही कंट्रोलरमध्ये ते आतच असतं. किंवा आमच्यासारखं करा: इन्व्हर्टरच्या मेन इनपुटला स्विच. दसरा ते मे तो बंद. मृग लागला की चालू, कारण आषाढात आमच्याकडे सलग चार-चार दिवस असे जातात की दुपारी बारालाही दीड-दोन अँपिअरच्या वर काटा चढत नाही.

सेटिंगमध्ये काय ठेवायचं?

बॅटरीच्या पुस्तिकेत दिलंय ते. पुस्तिका उंदराने खाल्ली असेल तर पाण्याच्या ट्यूब्युलर बॅटरीला ॲब्सॉर्प्शन १४.४, फ्लोट १३.६ यापासून सुरुवात करा. ‘जेल’ किंवा ‘सील्ड’ असं भलतंच निवडलेलं नाही ना, ते पाहा. इक्वलायझेशन म्हणजे महिन्यातून एकदा मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन तळाशी बसलेलं ॲसिड घुसळणं. ते फक्त पाण्याच्या बॅटरीला, आधी पाणी भरून आणि खिडकी उघडी ठेवून. त्या वेळी काही इन्व्हर्टर ‘बॅटरी हाय’ म्हणून बंद पडतात, घाबरू नका.

तापमानाचं एक सेटिंग असतं ते लोक सोडून देतात. गरम बॅटरीला कमी व्होल्टेज लागतं, गार बॅटरीला जास्त. १२ व्होल्टच्या बॅटरीला अंशामागे साधारण ०.०२४ व्होल्ट. म्हणजे विदर्भात मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत १४.४ चे १४.०४ व्हायला हवेत आणि डिसेंबरात १५ अंशांना १४.६४. सोबत आलेला छोटा सेन्सर पिशवीत पडून असतो. तो बॅटरीच्या अंगाला चिकटपट्टीने लावा. नाहीतर कंट्रोलर स्वतःच्याच अंगाचा ताप बॅटरीचा समजतो.

लिथियम बॅटरी घेतली तर तोच कंट्रोलर चालेल?

सेटिंग बदलता येत असेल तर. चार सेलच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला १४.२ ते १४.४ पुरतात, इक्वलायझेशन बंद आणि तापमानाची दुरुस्ती शून्य. ज्याच्यात बॅटरीचा प्रकारच निवडता येत नाही, तो कंट्रोलर लिथियमला लावू नका. आणि पुढे मी व्होल्टेज वाचण्याबद्दल जे लिहिलंय ते लिथियमला लागू नाही. तिचं व्होल्टेज ९० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत जेमतेम ०.३-०.४ ने हलतं. तिथे बीएमएसचं (बॅटरीच्या आतल्या राखणदार सर्किटचं) ॲप किंवा आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा शंटच हवा.

डिस्प्लेवर दुपारी १०० टक्के दाखवतं आणि रात्री नऊला इन्व्हर्टर शिट्टी मारतो. डिस्प्ले खोटा आहे का?

खोटा म्हणण्यापेक्षा भोळा आहे. बहुतेक कंट्रोलर टक्के मोजत नाहीत, व्होल्टेज पाहून अंदाज करतात. चार्जिंग चालू असताना बॅटरीचं व्होल्टेज फुगलेलं असतं. तेव्हा १४ व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी भरली असं नव्हे. सूर्य मावळला की ते १२.९ वर येतं, टीव्ही-पंखा लावला की १२.३, आणि काड्या भराभर उतरतात.

पण तुमच्या प्रश्नात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. बॅटरी पूर्वी किती वाजता फ्लोटला जायची आणि आता किती वाजता जाते? आमच्या शेजाऱ्यांची दोनला जायची, गेल्या हिवाळ्यात अकरालाच जाऊ लागली. ते खूश होते, ‘सोलर आता चांगलं चालतंय’ म्हणून. खरं तर हंडाच लहान झाला होता. म्हातारी बॅटरी लवकर भरते आणि लवकर उतरते. ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर टाकला तर पाच सेल बाराशे चाळीसच्या आसपास आणि एक अकराशे ऐंशीवर. तो एक सेल बाकी पाचांना घेऊन बुडतो.

मग रोज पाहायचं तरी काय?

एकच आकडा: सकाळी पॅनेलवर ऊन पडायच्या आधीचे व्होल्ट. रात्रभराचा हलका लोड असतो, चार्जिंग नसतं, बॅटरी शांत असते. तेव्हा १२.५ च्या वर म्हणजे बेस. १२.२ म्हणजे निम्मी. १२.० ला काटकसर सुरू करा. ११.८ म्हणजे रिकामी, आणि असे आठ दिवस सलग गेले तर बॅटरीचं आयुष्य तुम्ही स्वतः कापताय.

आई हा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या हिशोबाच्या चौकटीत. वर ‘दीड लि.’, खाली ‘१२.४’. पाव्हणे आले त्या दिवशी वर ‘तीन लि.’ आणि दुसऱ्या दिवशी खाली ‘१२.१’. मी पुढे बराच खर्च करून ग्राफ काढणारं यंत्र बसवलं, पण बॅटरी थकत चालल्याचं आधी त्या कॅलेंडरवरच दिसलं: पाव्हणे नसताना, आभाळ निरभ्र असताना, महिन्याच्या शेवटी १२.४ चे १२.२ झाले होते.

दुसरी गोष्ट, आठवड्यातून एकदा पाहिली तरी चालेल: कंट्रोलर फ्लोटला पोहोचतो का. पाच-सहा दिवसांत एकदाही पोहोचत नसेल तर खर्च जास्त आहे किंवा आवक कमी.

दुपारी एकलाच चार्जिंग ०.५ अँपिअर दाखवतं. बिघडला का?

व्होल्टेज पाहा. १३.६ असेल आणि ‘फ्लोट’ लिहिलेलं असेल तर बॅटरी भरली आहे. वॉशिंग मशीन लावायची हीच वेळ.

व्होल्टेज १२.६ आणि ऊन कडक, तरी अँपिअर नाहीत. आता?

आता शोधायला लागेल. पॅनेलचे व्होल्ट स्क्रीनवर पाहा. शून्य असतील तर एमसीबी पडलाय किंवा छपरावरचा कनेक्टर सुटलाय. माकडं उड्या मारून गेल्यावर आमच्याकडे हे दोनदा झालंय. व्होल्ट भरपूर आणि अँपिअर शून्य असतील तर बॅटरीकडचा फ्यूज पाहा, नाहीतर एरर कोड. व्होल्टही आहेत, अँपिअरही आहेत, पण निम्मेच, तर धूळ, चुलीची काजळी, कावळ्यांची कृपा किंवा सावली.

सावली फसवते. डिसेंबरात आमच्या ग्राफमध्ये रोज सव्वादोनला करंट ९ वरून ४ वर पडायचा आणि तीनला परत वर यायचा. मी पुण्यात बसून सैल जोडणीचा संशय घेत होतो. शेवटी आईला म्हटलं, सव्वादोनला अंगणात जाऊन प्लेटीकडे बघ. ती म्हणाली, “माडाची सावली पडलीय की.” मे महिन्यात बसवताना सूर्य डोक्यावर होता, माड कुठेच आडवा येत नव्हता. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलला आणि शेजारच्या परड्यातला माड बरोबर एका पॅनेलवर आला. सावली त्याच वेळेला येते, सैल जोडणी वेळ पाळत नाही. हा फरक ग्राफशिवाय कळला नसता, एवढं श्रेय त्या यंत्राला देतो.

पुण्या-मुंबईत बसून गावचा कंट्रोलर पाहता येतो का?

येतो, पण ब्लूटूथने नाही. ब्लूटूथ खोलीपुरतं. ते घरी गेल्यावर उपयोगी: व्हिक्ट्रॉन कंपनीच्या स्मार्टसोलर कंट्रोलरमध्ये मागच्या ३० दिवसांचा रोजचा हिशोब साठलेला असतो, गणपतीला गेलात की महिन्याभराचं एकदम वाचता येतं. अनेकांना तेवढं पुरेल.

लांबून पाहायचं तर कंट्रोलरला बाहेर बोलायचं दार हवं. इपेव्हर कंपनीच्या ट्रेसर मालिकेतल्या कंट्रोलरला आरएस-४८५ चं पोर्ट असतं आणि तो मॉडबस नावाच्या यंत्रांच्या भाषेत बोलतो, वेग ११५२०० बॉड. बॅटरीचे व्होल्ट हेक्स ३१०४ या रजिस्टरमध्ये (आकडा ठेवायच्या कप्प्यात), शंभरपट करून: १२४७ आले तर १२.४७ वाचा. व्हिक्ट्रॉनचं व्ही-ई डायरेक्ट पोर्ट आणखी सोपं, १९२०० च्या वेगाने दर सेकंदाला साधा मजकूर सोडत राहतं. दोन्हींसाठी ईएसपी-३२ चा छोटा बोर्ड पुरतो. आरएस-४८५ ला मध्ये एक कन्व्हर्टर लागतो. बोर्ड वायफायवरून आकडे पाठवतो, पुढे होम असिस्टंट या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफ काढा किंवा टेलिग्रामवर निरोप घ्या. हे नको असेल तर कंपन्यांचे तयार वायफाय डोंगल मिळतात.

एक सावधगिरी. ते आरएस-४८५ चं पोर्ट दिसायला इंटरनेटच्या केबलचंच असतं. त्याच्या काही तारांत वीजपुरवठा असतो. राउटरची केबल तिथे खुपसू नका. बोर्डाचे पाय ३.३ व्होल्टचे असतात हेही लक्षात ठेवा.

वायफाय लावल्यापासून बॅटरी लवकर उतरते, असं आई म्हणते. खरं असेल?

अगदी खरं. राउटर १० वॅट, दिवसाचे २४ तास, म्हणजे २४० वॅट-अवर. आमचा बीएलडीसी पंखा २८ वॅटचा, रात्रभर नऊ तास चालला तरी २५२. म्हणजे बॅटरीवर नजर ठेवायला लावलेलं यंत्र एका पंख्याची वीज खात होतं. रिकामा चालू ठेवलेला इन्व्हर्टरही याच मापात खातो. मी राउटर आता डीसी-डीसी कन्व्हर्टर लावून कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवर टाकलाय आणि तिथल्या टायमरने तो रात्री अकरा ते पहाटे पाच बंद ठेवतो. आकडे सकाळचे हवे असतात, रात्री दोनला ते कोण पाहणार?

अलर्ट कसले लावावेत?

दोनच. सकाळी सहाला १२.१ च्या खाली, आणि दुपारी बाराला बॅटरी १३ च्या खाली असून करंट १ अँपिअरच्या आत. पावसाळ्यात दुसरा बंद करा. मी सुरुवातीला अकरा अलर्ट लावले होते. आठव्या दिवशी सगळे म्यूट केले आणि नवव्या दिवशी फ्यूज उडाला.

कंट्रोलर कुठे बसवावा?

बॅटरीजवळ, पण बॅटरीच्या डोक्यावर नाही. चार्ज होताना निघणारा वायू आणि ॲसिडची वाफ बोर्ड खाते. पत्र्याच्या भिंतीवर नको, ती तापते. उभाच लावा, वर-खाली वीतभर मोकळं ठेवा, म्हणजे गरम हवा वर निघून जाईल.

आणि पाली. कंट्रोलर कोमट असतो, आत डास-किडे येतात, पालीला दुसरं काय हवं? आमचा पहिला कंट्रोलर उघडला तेव्हा एक पाल दोन टर्मिनलांना पूल करून पडली होती, शेपटी एका बाजूला आणि डोकं दुसऱ्या. वायर आत जाण्याची भोकं रबरी ग्रोमेट किंवा एम-सीलने बंद करा. हवा जाण्याच्या जाळ्या मात्र बुजवू नका.

वळीव गडगडायला लागला की काय करायचं?

पॅनेलचा एमसीबी खाली. कायमचा बंदोबस्त म्हणजे पॅनेलच्या लोखंडी सांगाड्याला चांगलं अर्थिंग आणि डीसीचं एसपीडी. जवळच वीज पडली तर तारेत येणारा झटका ते जमिनीत उतरवतं. थेट पॅनेलवर पडली तर काही खरं नाही.

एका बॅटरीला दोन कंट्रोलर चालतात?

चालतात. प्रत्येकाला स्वतंत्र पॅनेल, दोघांची सेटिंग सारखी. एक आधी फ्लोटला गेला तर भांडू नका, संध्याकाळपर्यंत हिशोब जुळतो.

घर दोन-तीन महिने बंद राहणार आहे. सगळं काढून ठेवू का?

बॅटरी आणि कंट्रोलर चालू ठेवा, बाकी सगळं बंद. इन्व्हर्टरही मागच्या स्विचने बंद. कंट्रोलर स्वतःला लागणारे मिलिअँपिअर उन्हातून काढतो आणि बॅटरी फ्लोटवर राहते. पडून राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी आपोआप उतरते आणि उतरलेल्या अवस्थेत तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं, म्हणून सुटी करून ठेवू नका. निघताना डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरा. लगांना पेट्रोलियम जेली लावा. परत आल्यावर आधी व्होल्ट पाहा, मग पंखा लावा.